तळलेल्या स्ट्रोमिंगचं आवरण तव्यालाच चिकटतं? मिडसोमरच्या आधी हे तपासा

(स्ट्रोमिंग हा इथला लहान मासा, मिडसोमर हा स्वीडनचा जूनमधला उन्हाळी सण. पदार्थाची ओळख खाली आहे.) लक्षणं आधी लिहितो, कारण "मासा बिघडला" एवढ्यावरून काहीच कळत नाही. तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते यात शोधा.

- उलटायला जावं तर पिठाचं आवरण कातडीसकट तव्यावरच राहतं, उलथन्यावर नुसतं पांढरं मांस येतं.
- आवरण सुटत नाही, पण फिकट आणि ओलसर राहतं. दाताखाली लगदा लागतो.
- दोन फिले (काटा काढलेल्या माशाच्या पट्ट्या) एकावर एक ठेवून केलेली जोडी, म्हणजे स्ट्रोमिंग्सफ्लुंड्रा, तव्यात उघडते. आतलं लोणी आणि शेपू बाहेर येऊन जळतात.
- बाहेरून काळं आणि कडवट, आत कच्चं.
- पहिला घाणा झकास, दुसरा बरा, तिसऱ्याचा चिवडा.
- तव्यावरून काढताना कुरकुरीत, टेबलावर पोचेपर्यंत मऊ.
- मासा मुळातच पिठूळ. हात लावला की भुगा.

दर जूनमध्ये स्टॉकहोममधल्या ओळखीच्या घरांतून मला याच तक्रारीचे फोन येतात, आणि फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तोवर नवा तवा विकत घेतलेला असतो. तव्याचा दोष क्वचित असतो. यातल्या बहुतेक लक्षणांमागे पाणी असतं: माशावरचं, माशातलं, लोण्यातलं, किंवा वाफ होऊन पुन्हा माशावरच बसलेलं. म्हणून खालच्या तपासण्या फुकटच्या गोष्टींपासून सुरू होतात आणि तवा, शेगडी, मासेवाला वगैरे शेवटी येतात. क्रम मोडू नका. वरची तपासणी सोडून खालची केली तर दोष कुठे होता ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी तोच घोळ पुन्हा होतो.

ज्यांच्या ओळखीचा हा पदार्थ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्ट्रोमिंग म्हणजे बाल्टिक समुद्रातला हेरिंग. पश्चिम किनाऱ्यावरच्या सिल्लपेक्षा, म्हणजे तिथल्या हेरिंगपेक्षा, लहान आणि कमी चरबीचा, आपल्या तारलीचा जवळचा नातेवाईक. मिडसोमरच्या टेबलावर मान थंड हेरिंगचा, म्हणजे मात्येस (गोडसर मसाल्यात मुरवलेला हेरिंग) आणि व्हिनेगरात मुरवलेल्या सिल्लचा. सोबत नवे बटाटे, आंबट साय, कांद्याच्या पातीसारखी चिरलेली चाइव्ह्ज. पण बऱ्याच घरांत, विशेषतः पूर्व किनाऱ्याकडे, एक गरम पदार्थही लागतो, आणि तो असतो राय धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळलेली स्ट्रोमिंग. एरवी ती कुस्करलेले बटाटे आणि लिंगन नावाच्या आंबट लाल फळांच्या मुरंब्याबरोबर खातात. मिडसोमरला कुस्करलेल्याच्या जागी शेपू घालून उकडलेले नवे बटाटे येतात. (लहानपणी ताटात शेपूची भाजी दिसली की नाक मुरडणारी मंडळी इथे येऊन बटाट्यांवर मूठमूठ शेपू भुरभुरतात, ही गंमत वेगळीच.)

चार माणसांना ८०० ग्रॅम फिले, दीड डेसिलिटर (१५० मिली) राय पीठ, दीड चमचा मीठ, पांढरी मिरपूड, आणि तळायला भरपूर लोणी. सुटे फिले दर बाजूला साधारण २ मिनिटं, जोडी ३ मिनिटं. इतकी साधी कृती असूनही ती जूनमध्येच जास्त फसते, आणि त्याला कारण आहे. बाल्टिकमधला बराचसा स्ट्रोमिंग वसंतात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. अंडी घालून झालेला मासा रोडावलेला असतो, चरबी कमी आणि पाणी जास्त. ऑक्टोबरमधला मासा त्याच कृतीने सुरेख होतो, कारण त्याच्या अंगात चरबी असते. म्हणजे वर्षातल्या ज्या दिवशी सगळ्यांना हा पदार्थ हवा असतो, त्या दिवशी मासा सगळ्यात कठीण असतो.

१. मासा पुसता का? खरंच पुसता का?

खर्च: किचन पेपरचा अर्धा रोल. सगळ्यात आधी हेच, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात.

धुतलेला फिले चाळणीत निथळत ठेवणं म्हणजे पुसणं नव्हे. फिले उघडून कातडी खाली अशा एका थरात कागदावर मांडा, वर दुसरा कागद ठेवा, तळव्याने हलके दाबा. मग कागद बदलून पुन्हा एकदा. दुसरा कागद जवळजवळ कोरडा निघाला पाहिजे. कातडीची बाजूही पुसा, ती सगळे विसरतात, आणि तव्याला नेमकी तीच लागते.

याचं कारण सोपं आहे. पाणी १०० अंशांना उकळतं. माशावर पाणी आहे तोवर त्या जागेचं तापमान त्याच्या वर जात नाही, आणि पीठ तांबूस व्हायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. तोपर्यंत पिठाची आणि पाण्याची पेज होते आणि ती धातूला धरते. एका मित्राची आई रत्नागिरीहून इथे आली होती. ट्रेमधले ओलेचिंब फिले बघून काकू त्याला म्हणाल्या, "अरे, आधी कोरडं तर कर. ओल्याला पीठ लावून खळ करतोयस की मासा तळतोयस?" काकूंनी त्याआधी स्ट्रोमिंग पाहिलीही नव्हती.

गोठवलेला मासा असेल तर पुसण्याच्या आधी एक पायरी आहे. बर्फाचे स्फटिक मांसाच्या पेशी फोडतात, म्हणून वितळताना त्यातून बरंच पाणी सुटतं. पाकीट सिंकमध्ये गरम पाण्याखाली धरू नका. आदल्या रात्री फिले चाळणीत घालून, खाली भांडं ठेवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी भांड्यात साचलेलं गुलाबी पाणी बघा. ते तुमच्या तव्यात जाणार होतं.

२. मीठ आणि लिंबू लावून मुरत ठेवता का?

हा खास आपल्या लोकांचा दोष. बांगड्याला किंवा सुरमईला हळद, तिखट, मीठ, लिंबू किंवा कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवायची सवय हाताला असते. जाड तुकडीला ते मानवतं. स्ट्रोमिंगचा फिले जेमतेम अर्धा सेंटीमीटर जाड. मीठ त्यातलं पाणी बाहेर ओढतं, लिंबू-कोकमाचा आंबटपणा मांसाचा वरचा थर कच्चाच पांढरा आणि ठिसूळ करतो, आणि अर्ध्या तासाने मासा स्वतःच्याच पाण्यात पडलेला असतो.

दोनच मार्ग धड आहेत. एक, मीठ पिठातच मिसळायचं आणि माशाला वेगळं लावायचंच नाही. दुसरा, फिलेंवर मीठ भुरभुरून १० मिनिटं ठेवायचं, वर आलेलं पाणी पुसून टाकायचं, मग बिनमिठाच्या पिठात घोळवायचं. जूनच्या पाणचट माशाला मी दुसरा मार्ग वापरतो, मांस किंचित घट्ट होतं. लिंबू ताटात. हळद-तिखट घालायचं असेल तर पिठात घाला, माझी हरकत नाही. शेजारच्या आजोबांची असेल.

३. पीठ केव्हा लावता आणि कोणतं?

पाहुणे यायच्या आधी तासभर सगळे फिले पिठात घोळवून ट्रेमध्ये रचून ठेवणं हा मिडसोमरचा आवडता अपघात. राय पीठ गव्हाच्या पिठापेक्षा पुष्कळ जास्त पाणी शोषतं. ताजं लावलं तर हा त्याचा गुण आहे, माशावरचा उरलासुरला ओलावा ते घेतं आणि कोरडं आवरण तयार होतं. तासभर ठेवलं तर तोच दोष: पीठ माशातलं पाणी ओढत राहतं, चिकट होतं, आणि रचलेले फिले एकमेकांना चिकटतात. एका घाण्यात मावतील तेवढेच फिले घोळवा, झटका, लगेच तव्यात.

झटकणं महत्त्वाचं. जास्तीचं पीठ तव्यात पडतं, जळतं, आणि पुढच्या घाण्याला कडवटपणा देतं.

पीठ बारीक राय असू दे, पाकिटावर 'रोगम्योल' लिहिलेलं. फार भरड असेल तर कण माशाला धरत नाहीत. रव्याचा मोह होतो हे मला माहीत आहे. तेलात रवा छान होतो, लोण्यात त्याचे सुटलेले कण तळाशी बसून करपतात. तांदळाचं पीठ निम्म्याला निम्मं मिसळलं तर कुरकुरीतपणा वाढतो. पण पूर्ण तांदळाचं केलं तर राय पिठाची ती किंचित आंबूस, खरपूस चव जाते, आणि मग हा पदार्थ करायचाच कशाला.

४. लोणी बोलायचं थांबलं का?

स्वीडिश स्वयंपाकघरात एक खूण सांगतात: लोणी गप्प झालं की मासा घाला. साध्या लोण्यात ८० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी. तव्यात लोणी फेसाळतं, तडतडतं, तो आवाज त्यातलं पाणी उडत असल्याचा. आवाज उतरला, फेस खाली बसला आणि तळाशी फिकट बदामी कण दिसू लागले की पुढच्या अर्ध्या मिनिटात मासा आत गेला पाहिजे. आधी घातला तर मासा उकडतो, उशिरा घातला तर दुधाचे कण काळे होतात आणि बाहेरून काळं, आतून कच्चं हे लक्षण उभं राहतं.

इथे तपासायची गोष्ट म्हणजे डबा. पावावर लावायचं हलकं मिश्रण तळायला वापरत असाल तर त्यात ४० टक्केच स्निग्धांश असू शकतो, बाकी मुख्यतः पाणी. ते कधी गप्पच होत नाही. डब्यावरचा आकडा वाचा.

आपल्या घरात साजूक तूप असतंच. त्यातले दुधाचे कण आधीच गाळलेले असल्यामुळे ते चढ्या आचेवरही काळं पडत नाही, तीन-चार घाणे सलग काढायचे असतील तर फार सोयीचं. पण त्या कणांबरोबर खमंग लोण्याची चवही जाते. निम्मं तूप, निम्मं लोणी घ्या, किंवा तुपात तळून शेवटच्या अर्ध्या मिनिटाला लोण्याचा गोळा टाका.

५. तव्यात गर्दी आणि हातात घाई

२८ सेंटीमीटरच्या तव्यात चार जोड्या, फार तर पाच. मध्ये बोटभर जागा सुटली पाहिजे. गच्च भरलं की माशातून निघालेल्या वाफेला वाट राहत नाही, तवा एकदम गार होतो आणि कुरकुरीत होण्याऐवजी सगळं शिजतं. वीस माणसांचं जेवण असेल तर दोन तवे घ्या किंवा लोकांना थांबवा. मिडसोमरला थांबायला कुणाची ना नसते, बाहेर बसून गाणी चाललेली असतात.

उलटण्याची वेळ घड्याळावर सोडू नका. माशाची प्रथिनं सुरुवातीला गरम धातूला धरतात, आणि खालचं आवरण पुरतं खरपूस झालं की आपोआप सुटतात. उलथनं कडेने हलकेच सरकवून बघा. अडत असेल तर सोडा, आणखी ३० सेकंद. ओढून काढलं की पहिलं लक्षण. एकदाच उलटायचं, पुन्हा पुन्हा नाही.

पहिला घाणा चांगला आणि तिसऱ्याचा चिवडा होत असेल तर बहुधा तुम्ही मध्ये तवा पुसत नाही. दर घाण्यानंतर जुनं लोणी आणि जळके कण कागदाने पुसून काढा. हात भाजू नये म्हणून कागद चिमट्यात धरा. नवं लोणी, पुन्हा गप्प होईपर्यंत वाट, मग पुढचा घाणा. प्रत्येक घाण्याला दोन मिनिटं जास्त जातात. जाऊ देत.

६. जोडी उघडत असेल तर

दोन फिलेंची मांसाची बाजू आत, कातडी दोन्हीकडून बाहेर. आत मऊ लोण्यात कालवलेला शेपू, थोडी पार्सली, हवी तर गोडसर मोहरीची पेस्ट. जोडीमागे एक छोटा चमचा सारण पुरतं. आपण करंजी भरल्यासारखं भरतो, मग ती फुटतेच.

शेपू धुऊन लगेच चिरला तर त्यातलं पाणी सारणात उतरतं, म्हणून आधी फडक्यात गुंडाळून कोरडा करा. सारण कडेपर्यंत लावू नका. मांसाला मांस थेट टेकलं तरच दोन फिले शिजताना एकमेकांना धरतात. पाठीवरचा पर राहिला असेल तर कात्रीने काढा, त्यामुळे जोडी नीट बसत नाही. मग जोड्या वरून ताटली ठेवून २० मिनिटं फ्रिजमध्ये दाबून ठेवा, लोणी घट्ट होतं. घोळवणं त्यानंतर. टूथपिक टोचायची गरज मला पडलेली नाही, पाहुण्यांत लहान मुलं असतील तर नकोच.

७. टेबलावर पोचेपर्यंत मऊ

तळलेला मासा ताटलीत एकावर एक रचून वर फॉइल घालू नका. आतली वाफ बाहेर पडू द्या: केकची जाळी, एक थर, ओव्हन १०० अंशांवर, दार किंचित उघडं. तरीही अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका. सॉस, लिंगन, वितळलेलं लोणी शेजारी द्या, वर ओतू नका.

८. आता तवा

इथवर सगळं करूनही चिकटत असेल तर तव्याकडे बघू.

तळ सपाट आहे का? थंड तव्यात चमचाभर तेल ओता आणि शेगडीवर ठेवा. तेल कडेला पळत असेल तर तळ मध्ये फुगला आहे. पातळ तवे इंडक्शनवर एकदम पूर्ण आचेला ठेवले की असे वाकतात, कारण मधला भाग कडेच्या आधी तापतो. मग मधले मासे कोरड्या धातूवर आणि कडेचे लोण्यात पोहतात. वाकलेला तवा सरळ होत नाही, पोळ्यांना ठेवून द्या.

बिडाचा किंवा पोलादी तवा असेल तर त्याचा तेलाचा थर तपासा. साबणाने खसाखसा घासलेला, भांडी धुण्याच्या यंत्रात गेलेला किंवा टोमॅटो शिजवलेला तवा करडा आणि कोरडा दिसतो. पातळ तेलाचा हात फिरवून धूर येईपर्यंत तापवणं तीन-चार वेळा केलं की पुन्हा काळाभोर होतो. हे आदल्या दिवशी करा, खिडक्या उघडून.

नॉनस्टिक तवा चालतो, चिकटणार नाही, पण रिकामा तापवू नका आणि फार तांबूस रंगाची अपेक्षाही ठेवू नका.

९. मग शेगडी

उन्हाळी घर भाड्याने घेतलं असेल तर हे नक्की बघा. तिथे बहुधा बिडाच्या गोल चकत्यांची जुनी शेगडी असते. ती तापायला १० मिनिटंही घेते आणि मग लवकर थंड होत नाही. घरच्या इंडक्शनच्या सवयीने दोन मिनिटांत मासा घातला तर तवा गारच असतो, मग घाबरून आच वाढवली की तिसऱ्या घाण्याला सगळं काळं. मधल्याहून थोडी जास्त आच ठेवा, पूर्ण तापू द्या, आणि कमी करायची वेळ आली तर तवाच चकतीवरून बाजूला घ्या.

एखादी चकती तापतच नसेल, किंवा ओव्हन चालू आणि अर्ध्या चकत्या बंद असतील, तर फ्यूज बघा. इथल्या शेगड्या बऱ्याचदा दोन किंवा तीन फेजवर जोडलेल्या असतात, एक फ्यूज उडाला की शेगडी अर्धीच मरते. जुन्या घरात चिनी मातीचे फिरवून बसवायचे फ्यूज असतात. शेगडी बंद करून तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवणं तुम्ही करू शकता. मोठ्या अँपिअरचा बसवायचा नाही.

१०. शेवटी मासाच

हे शेवटी ठेवलं, कारण इथे उपाय महाग आणि अवघड आहे. मिडसोमरची संध्याकाळ १९५३ पासून १९ ते २५ जूनच्या मधल्या शुक्रवारी येते, दुकानं दुपारीच मिटतात, त्यामुळे मासा गुरुवारी किंवा त्याआधी घेतलेला असतो. घरचा फ्रिज ५ ते ८ अंशांवर चालत असेल तर या माशाला ते उबदारच. पिशवी बर्फाच्या भांड्यात ठेवून फ्रिजमध्ये सगळ्यात खाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

ताजा फिले चकचकीत असतो, वास समुद्राचा, बोटाने दाबलं तर मांस परत वर येतं. अख्खा मासा घेत असाल तर पोट बघा. पोट फुटलेलं किंवा लिबलिबीत असेल तर आतल्या पाचक रसांनी मांस सोडवायला सुरुवात केलेली असते, आणि 'पिठूळ, हात लावला की भुगा' या लक्षणाचं तेच कारण. त्यावर पुसणं, मीठ, तवा कशाचाच इलाज चालत नाही.

मला विचाराल तर फिले घरी काढू नका. शेकड्याने लहान मासे साफ करण्यात सकाळ जाते आणि फाटलेले फिले तव्यात आणखी फाटतात. मासेवाल्याला दोन दिवस आधी सांगा: मोठ्या आकाराची, आजची स्ट्रोमिंग, फिले काढून, पर काढून. स्टॉकहोममध्ये ह्योतोर्गेत किंवा ओस्टरमाल्मच्या मंडईत हे करून मिळतं. मोठा मासा अलीकडे सहज मिळत नाही, म्हणून आधी सांगणं बरं. नाहीच मिळाला तर पश्चिम किनाऱ्याचा सिल्ल घ्या. जास्त चरबी, जाड फिले, दर बाजूला मिनिटभर जास्त. पूर्व किनाऱ्याचे लोक नाक मुरडतील, पण जूनमध्ये तो तळायला सोपा जातो.

फिलेत पांढरा, गुंडाळलेला बारीक किडा दिसला तर काढून टाका. पूर्ण शिजलेल्या माशात तो जिवंत राहत नाही.

फसलेल्या घाण्याचं काय करायचं

मासा ताजा होता आणि फक्त आवरण मऊ पडलं, तर फेकू नका. तळलेली स्ट्रोमिंग व्हिनेगरात मुरवून खाणं हा इथला स्वतंत्र आणि मानाचा पदार्थ आहे, आणि त्यात आवरण मऊच लागतं. प्रमाण पाठ करण्यासारखं, एक-दोन-तीन: १ डेसिलिटर १२ टक्क्यांची एत्तिका (इथलं तीव्र व्हिनेगर), २ डेसिलिटर साखर, ३ डेसिलिटर पाणी. लाल कांद्याच्या चकत्या, तमालपत्र, थोडी ऑलस्पाइस घालून उकळा, पूर्ण गार करा, माशांवर ओता, रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी कुरकुरीत पावावर. दुकानात शेजारीच २४ टक्क्यांची बाटली असते. ती घेतली असेल तर आधी निम्म्याला निम्मं पाणी घालून पातळ करा.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

माशाला उग्र, अमोनियासारखा वास येत असेल किंवा तो दिवसभर गाडीत बर्फाशिवाय राहिला असेल तर टाकून द्या. हेरिंगच्या जातीचे मासे उबेत राहिले की त्यांत हिस्टामाइन तयार होतं, आणि ते तळून किंवा गोठवून नाहीसं होत नाही. खाताना जिभेला मिरीसारखं चुरचुरलं, थोड्या वेळात चेहरा लाल झाला, खाज, डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर खाणं थांबवा आणि ११७७ ला, म्हणजे इथल्या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकाला, फोन करून सल्ला घ्या. श्वासाला त्रास होत असेल तर थेट ११२, हा आणीबाणीचा क्रमांक.

काटा घशात अडकला आणि टोचणं तासाभरात थांबलं नाही, तरीही ११७७. थुंकी गिळता येत नसेल तर इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा. भाताचे कोरडे गोळे गिळत बसू नका.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, पुढे मूल हवं असलेल्या बायका आणि १८ वर्षांपर्यंतची मुलं यांनी बाल्टिकची स्ट्रोमिंग वर्षातून २ ते ३ वेळांपेक्षा जास्त खाऊ नये, असं लिव्हस्मेडेल्सवेर्केट, म्हणजे इथलं अन्न खातं सांगतं. बाकीच्यांनी आठवड्यातून एकदाच. कारण माशात साचणारी डायॉक्सिन आणि पीसीबी ही घातक रसायनं. मिडसोमरचं एक जेवण यात बसतं. दर रविवारी 'सराव' करणार असाल तर बसत नाही.

तव्यातल्या तुपाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. झाकण, आच बंद, तवा हलवायचा नाही. झाकणाने विझलं नाही तर दार ओढून बाहेर या आणि ११२. बाहेर लाकडावर तळायचा बेत असेल तर आदल्या दिवशी नगरपालिकेच्या पानावर आग पेटवायला बंदी आहे का ते बघा. कोरड्या जूनमध्ये ती हमखास लागते.

आणि शेगडी. नवा बसवलेला फ्यूज पुन्हा उडाला, शेगडीला हात लावताना झिणझिणलं, किंवा जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर तिथेच थांबा आणि मेन स्विच बंद करा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाकडे तक्रार नोंदवा. स्वतःचं असेल तर एल्सेकेरहेट्सवेर्केटच्या, म्हणजे इथल्या वीजसुरक्षा खात्याच्या, नोंदवहीत असलेल्या कंपनीचा इलेक्ट्रिशियन बोलवा. शेगडीच्या कायमच्या जोडणीला हात लावायची परवानगी तुम्हाआम्हाला नाही. मिडसोमरच्या शुक्रवारी तो येण्याची शक्यता कमीच, तेव्हा कॅम्पिंगचा गॅस असेल तर बाहेर अंगणात मांडा, घरात नको, आणि नसेल तर त्या दिवशी थंड सिल्लवर भागवा.